पाटीखाली नसलेलं नाव

याच नाताळ अंकात बारा वर्षांपूर्वी माझा एक लेख आला होता. कळव्यातल्या एका पेंटरने मरणाच्या चार दिवस आधी प्रभूचा स्वीकार केला, अशी साक्ष मी त्यात लिहिली होती. ती खोटी होती. असं काही घडलं नव्हतं.

हे पहिल्याच परिच्छेदात लिहून टाकतो आहे, कारण मला माझा स्वभाव माहीत आहे. शेवटी लिहू म्हणून ठेवलं असतं तर तिथे पोचेपर्यंत मी काहीतरी सारवासारव शोधून काढली असती. शब्दांत मी कधी अडत नाही. माझी अडचण तीच आहे.

यंदा आपल्या मंडळीतल्या तरुणांनी जुन्या साक्षींचं पुस्तक काढायचं ठरवलं. त्यातला एक मुलगा आणि एक मुलगी छापलेली पानं घेऊन घरी आले.

“काका, तुमची कळव्याची साक्ष पहिली घेतलीय,” मुलगी म्हणाली. “मी दोनदा वाचली, दोन्ही वेळा रडले. तुम्ही फक्त एकदा नजर टाका.”

मी नजर टाकली. लेख चांगला जमला होता. मी म्हणालो, “ही काढून टाका.”

“का?”

“खरी नाही.”

दोघं हसले. “काका, एवढी नम्रता नको हो,” मुलगा म्हणाला. मी विनय दाखवतो आहे असं त्यांना वाटलं. मला तीनदा सांगावं लागलं, तेव्हा त्यांनी पानं आवरून घेतली. माझ्याकडे न बघता.

संध्याकाळी पाळकसाहेबांचा फोन आला. ते भले गृहस्थ आहेत. म्हणाले, “जाऊ द्या. पुस्तकातून गुपचूप काढून टाकू. आता कोणाच्या लक्षात आहे?” मलाही तो मार्ग सोपा वाटला. दोन दिवस वाटतच होता.

नव्या वाचकांसाठी आधी माझं काम काय होतं ते सांगतो. मी एकतीस वर्षं सुवार्तिक होतो. पाळक चर्चची मंडळी सांभाळतो, बाप्तिस्मा देतो, लग्नं लावतो. सुवार्तिकाला यातलं काही करायचं नसतं. त्याने चालायचं. घरोघर जायचं, दवाखान्यात जायचं, बसायचं, ऐकायचं, कोणी विचारलं तर आपल्या विश्वासाबद्दल सांगायचं आणि हो म्हणाले तर प्रार्थना करायची. माझा भाग ठाण्यापासून कल्याणपर्यंत. लोक मला फादर म्हणत. मी फादर नाही, हे पहिली पाच वर्षं मी समजावून सांगितलं. मग सोडून दिलं.

या कामाचे काही नियम आहेत आणि ते कोणी शिकवत नाही. दारात उभं राहून देवाचं नाव काढायचं नाही. आधी माणसाची चौकशी करायची. टीव्हीवर क्रिकेट चालू असेल तर मागे फिरायचं. घरात बाई एकटी असेल तर आत जायचं नाही. आजारी माणसाच्या कॉटवर बसायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं पाणी. पाण्याचा ग्लास पुढे आला तर बसायला हरकत नाही. नाही आला तर सुवार्तेची छापील पत्रिका हातात देऊन दोन मिनिटांत निघायचं. एकतीस वर्षांत पाण्याने मला कधी फसवलं नाही.

वर्तकनगरमध्ये एक निवृत्त गृहस्थ होते. देव मानत नसत. मी गेलो की गॅलरीत दोन खुर्च्या समोरासमोर टाकत आणि तासभर भांडत. चौदा वर्षं भांडलो आम्ही. एकदा मी महिनाभर गेलो नाही, तर त्यांच्या मुलाचा फोन आला : “अहो, येऊन जा. बाबांना भांडायला कोणी नाही, तर आमच्याशी भांडतायत.” ते शेवटपर्यंत माझं म्हणणं मान्य न करता गेले. त्यांच्या घरची खुर्ची मात्र मला अजून आठवते.

कोपरला एक म्हातारी होती, तिथल्या मूळच्या लोकांपैकी. तिच्या सासऱ्याची मिठागरं होती. आता तिथे तिचीच इमारत उभी. पहिल्याच भेटीत तिने मला विचारलं, “ए बाबा, तुजे देवाला म्हावरा चालतं का?”

“चालतं. त्यांनी स्वतः मासे भाजून शिष्यांना खायला दिलेत.”

“मंग बेस हाय तुजा देव. माजे सुनेला पोर व्हऊ दे, असा माग त्याच्याकडं. पन मी काय तुजे देवलान येनार नाय, आताच सांगतंय.”

मी मागितलं. पुढच्या वर्षी सुनेला मुलगी झाली. म्हातारीने मला पिशवीभर सुकट दिली आणि म्हणाली, “तिघा देवांना सांगितला होता. कोनी केला काय म्हाईत. तिघांनाबी दिलंय, कोनाचा रुसवा नको.”

आम्हाला दर महिन्याला एक अहवाल द्यावा लागे. किती घरी गेलो, किती पत्रिका दिल्या, किती ठिकाणी प्रार्थना केली आणि शेवटचा रकाना ‘निर्णय’. म्हणजे किती जणांनी विश्वास ठेवायचं ठरवलं. त्या महिन्यात दोघा सहकाऱ्यांनी मला सुचवलं की म्हातारी ‘निर्णय’मध्ये लिही. मी लिहिली नाही. रकान्यात रेघ मारली. अशा रेघा मी खूप मारल्या आणि मला त्यांचा अभिमान होता. हे सांगतो आहे, कारण मला खरं लिहिता येत नव्हतं असं नाही. मला येत होतं.

अहवालाशिवाय माझी एक स्वतःची वही होती. ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांची नावं मी तिच्यात लिहीत असे. लोकांना ती वही आवडायची. “फादर, आमच्या पोराचं नाव लिहा, बारावीला आहे,” असं कोणत्याही धर्माची बाई सहज म्हणायची. वहीत नाव घालू नका, असं मला एकाच माणसाने सांगितलं.

तो कळव्याचा पेंटर. त्यांचं नाव मी या लेखाच्या शेवटी देणार आहे. तशी अट आहे, ती पुढे कळेल. आडनाव असं, की आपल्या मंडळ्यांतही सापडतं आणि बौद्ध समाजातही. ते बौद्ध होते. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती, दारावरची नावं रंगवायचे. डिजिटल बॅनर आल्यावर काम कमी झालं, तरी अक्षर बघून लोक त्यांना शोधत यायचे. आपल्या कळव्याच्या प्रार्थनागृहाची पाटी त्यांनीच रंगवली. निळी जमीन, पांढरी अक्षरं. रंगवायचे दोन दिवस मी शिडी धरून उभा होतो.

काम संपल्यावर मी पाटीकडे बघितलं. पेंटर लोक खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत आपलं नाव टाकतात, तीच त्यांची जाहिरात. इथे कोपरा रिकामा होता.

“खाली नाव नाही टाकलं?”

“नको.”

“का? पाटी तर झकास झालीय.”

“झकास झालीय म्हणूनच,” ते ब्रश पुसत म्हणाले. “उद्या वस्तीत कोणी म्हणायचं, हा तिकडे गेला. मी कुठे गेलो नाही. शिडीवर चढलो, उतरलो.”

काही वर्षांनी ते आजारी पडले. फुप्फुसं. जन्मभर थिनर आणि रंगाचा वास घेतलेला. मी भेटायला गेलो. त्यांच्या पत्नीने, मी त्यांना वहिनी म्हणत असे, पाणी पुढे केलं आणि मी बसलो. मग दर गुरुवारी जाऊ लागलो. सात महिने गेलो.

ते खिडकीपाशी उशांना टेकून बसलेले असायचे. मी दिसलो की म्हणायचे, “या फादर. जय भीम. आज काय आणलंय विकायला?”

“विकायला काही नाही. फुकट आहे.”

“फुकट मालाची मला भीती वाटते.”

वहिनी आतून ओरडायच्या, “अहो, बोलू नका, धाप लागेल.” मग ते हात वर करून गप्प बसायचे आणि अर्ध्या मिनिटात पुन्हा सुरू व्हायचे.

एकदा म्हणाले, “तुमचा आजा नगरकडचा ना?”

“हो.”

“आमचाही तिकडचाच. गावकुसाबाहेर एकाच वस्तीत राहिले असतील. तुमचे लवकर निघाले, आम्ही उशिरा निघालो. दरवाजे वेगळे घेतले. बाहेर पडलो दोघंही.”

मी म्हणालो, “मग चहा तरी एकत्र घेऊ.”

“चहा घेऊ. प्रार्थना तुमची तुम्ही करा, मी ऐकतो. आवाज बरा आहे तुमचा. झोप लागते.”

मी प्रार्थना करायचो. ते डोळे मिटायचे नाहीत, माझ्याकडे बघत राहायचे, एखाद्या कारागिराने दुसऱ्याचं काम बघावं तसं. एका गुरुवारी मी प्रार्थनेनंतर वही काढली. त्यांनी हातानेच थांबवलं.

“माझं नाव त्यात नको.”

“फक्त प्रार्थनेसाठी आहे. मीच वाचतो.”

“तोंडाने काय मागायचं ते मागा. लिहू नका. लिहिलेलं राहतं, फादर. जन्मभर तेच केलंय मी. माणूस जातो, पाटी राहते. आणि पाटी वाचणारा कोणाला विचारत नाही, खरं की खोटं.” थोडा दम घेऊन म्हणाले, “शब्द?”

“शब्द,” मी म्हणालो आणि वही खिशात घातली.

शेवटचा गुरुवार काय झाला ते आता जसंच्या तसं लिहितो. त्यांना फारसं बोलवत नव्हतं. मी उशी सारखी केली. त्यांनी विचारलं, “निळा उतरला का?” पाटीचा रंग विचारत होते. मी म्हणालो, “नाही.” ते म्हणाले, “दोन हात मारलेत.” मी हळू आवाजात प्रार्थना केली. ते झोपले. मी उठून निघालो. एवढंच.

सोमवारी ते गेले. अंत्यविधी त्यांच्या रीतीप्रमाणे झाला. मी मागे उभा होतो. वस्तीतल्या लोकांनी मला जागा करून दिली.

त्या वर्षी मंडळीच्या कमिटीने माझ्या पदाचा फेरविचार काढला होता. दोन वर्षं ‘निर्णय’च्या रकान्यात रेघा होत्या. एवढं चालणं कशासाठी, असा प्रश्न सभेत विचारला गेला आणि तो वाजवी होता. माझ्याकडे उत्तर होतं. पण ते रकान्यात मावणारं नव्हतं. मी साठी ओलांडलेली. चालण्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं. त्याच आठवड्यात नाताळ अंकाच्या संपादकांनी ‘सेवाक्षेत्रातला अनुभव’ मागितला.

लेख मी पेंटरबद्दल लिहायला घेतला. शिडी, पाटी, आजोबांवरून झालेलं बोलणं, सगळं खरं लिहिलं. शेवटच्या गुरुवारपाशी आलो आणि थांबलो. उशी, निळा रंग, झोप. वाचणारा म्हणेल, मग? त्या ‘मग’ची मला भीती वाटली. पुढचा परिच्छेद मी दहा मिनिटांत लिहिला. त्यांनी माझा हात हातात घेतला, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ‘मी त्याला ओळखलं’ असं ते म्हणाले. वर पूर्ण नाव घातलं, वस्ती घातली, कारण नाव असलं की साक्ष पक्की वाटते. कळव्यातले लोक आपला अंक वाचत नाहीत, असा हिशेब केला. आणि शब्द दिला होता तो वहीत न लिहिण्याचा, अंकात न लिहिण्याचा नाही, असाही. हे दुसरं मी खरोखर मनात म्हटलं होतं. म्हणून लिहितो.

अंक निघाला. लोकांनी हात हातात घेऊन अभिनंदन केलं. माझं पद राहिलं.

आणि आपल्यातल्याच एका बहिणीने तो अंक प्रेमाने वहिनींच्या घरी नेऊन दिला. “तुमच्या मिस्टरांबद्दल किती छान आलंय,” म्हणाली. तिचा काही दोष नाही. तिने छापलेलं वाचलं होतं.

वस्तीतल्या बुद्धविहाराच्या भिंती पेंटरने हौसेने रंगवल्या होत्या. वर्षश्राद्धासारखा त्यांच्यात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असतो, त्या दिवशी विहारात त्यांचा फोटो लावायचं ठरलं होतं. अंक हातोहात फिरला. कोणी म्हणालं, शेवटी तिकडे गेलेल्या माणसाचा फोटो इथे कशाला. कोणी म्हणालं, असू दे. शेवटी वाद नको म्हणून फोटो घरीच राहिला.

एका गुरुवारी वहिनी प्रार्थनागृहापाशी आल्या. आत आल्या नाहीत. पाटीखाली उभ्या राहिल्या. प्लास्टिकच्या पिशवीत अंक होता.

“फादर, एकच विचारते. ते मला न सांगता गेले का? भाजीत मीठ कमी पडलं तरी सांगायचे. हे नाही सांगितलं?”

तेव्हा सांगता आलं असतं. रस्ता रिकामा होता, आम्ही दोघंच होतो, त्या रागावून गेल्या असत्या आणि संपलं असतं. मी म्हणालो, “वहिनी, माणसाच्या मनातलं देवालाच माहीत असतं.”

हे वाक्य कोणत्याही प्रवचनात चालेल. त्या दिवशी ते मी केलेल्या पहिल्या खोटेपणापेक्षा वाईट होतं.

त्यांनी अंक पुन्हा पिशवीत घातला. “मग असेल,” म्हणाल्या आणि गेल्या. त्यानंतर मी त्या गल्लीत गेलो नाही. तीन वर्षांनी निवृत्त झालो. निरोप समारंभात कळव्याची साक्ष कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवली. मी मान खाली घालून बसलो होतो. ती नम्रता समजली गेली.

तर यंदा ती पानं परत आली. दोन दिवस विचार केला. छापलेलं गुपचूप निघत नाही, हे मला त्या माणसानेच सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी कळव्याला गेलो. वहिनींच्या घराला कुलूप होतं. शेजाऱ्यांनी त्यांच्या मुलीचा, सुजाताचा, कोपरचा पत्ता दिला. ती शाळेत शिक्षिका आहे.

तिने दार उघडलं आणि लगेच ओळखलं. “फादर? आत या.” पाण्याचा ग्लास पुढे आला. मी तो हातात घेतला नाही. टीपॉयवर राहू दिला.

“वहिनी?”

“आई गेली. दोन वर्षं झाली.”

मी ज्यांना सांगायला आलो होतो त्या नव्हत्या. मग मुलीला सांगितलं. सगळं, जसं वर लिहिलंय तसंच. ती उत्तरपत्रिका तपासत होती. लाल पेन तिच्या हातातच होतं. मी बोलत असताना तिने एकदाही मधे तोडलं नाही. वर्गात मुलाला पूर्ण बोलू द्यावं, तशी ऐकत राहिली.

मग म्हणाली, “तुम्हाला माहितीय आई काय करायची? रोज सकाळी पप्पांच्या फोटोसमोर बुद्धवंदना म्हणायची. झाली की फोटोला विचारायची, ‘तुम्हाला ही चालते ना हो?’ रोज. दहा वर्षं.”

मी उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याकडे बघत होतो.

“मी तिला सांगायचे, आई, पप्पा असं नाही करणार. ती म्हणायची, फादर खोटं कशाला बोलतील?” सुजाताने पेनाचं टोपण लावलं. “आता काय करणार आहात?”

“त्याच अंकात लिहिणार आहे. नाव न देता. कळव्यातले एक गृहस्थ, असं.”

“का? खोटं छापलं तेव्हा नाव होतं ना?”

“त्यांनी लिहू नका सांगितलं होतं.”

“ते तेव्हा आठवायचं होतं तुम्ही,” ती म्हणाली. आवाज चढला नाही. “खोटं नावासकट छापलंत. खरंपण नावासकट छापा. पूर्ण नाव. मला तो अंक विहारात न्यायचाय. फोटो माझ्याकडे आहे. लावायचा की नाही ते ते लोक ठरवतील. पण कारण तरी खोटं नको.”

“टाकतो.”

“आणि फादर, लेखात माफीबिफी मागू नका. ती आईकडे मागायची होती.”

मी उठलो. तिने टीपॉयवरच्या ग्लासकडे बघितलं.

“पाणी प्या आणि जा.”

मी प्यायलो आणि निघालो.

माफी मागत नाही. आपल्या तरुणांना मात्र एक सांगतो, कारण त्यांच्यातले काही याच कामात येऊ बघतायत. हे काम चांगलं आहे. मी आजही विश्वासणारा आहे आणि पुन्हा पाय मिळाले तर पुन्हा हेच करीन. पण साक्ष द्यायची ती पाहिलं तेवढ्याचीच. पुढचं ज्याचं काम आहे तो करील. त्याला आपल्या परिच्छेदाची गरज पडत नाही. एका बौद्ध घराने मला सात महिने दर गुरुवारी पाणी दिलं, बसवलं, आपल्या आजारी माणसाशेजारी माझ्या देवाचं नाव घेऊ दिलं. तो माणूस झोप लागेपर्यंत ऐकत राहिला. एवढं माझ्या हाती खरंखुरं आलं होतं. मला ते पुरेसं वाटलं नाही.

लेख लिहिण्याआधी प्रार्थनागृहापाशी जाऊन आलो. ऊन लागतं त्या बाजूला निळा थोडा उतरलाय. अक्षरं स्वच्छ आहेत. खालचा कोपरा रिकामा आहे आणि पाटीवर तो तसाच राहू द्यावा, अशी माझी कमिटीला विनंती आहे. नाव इथे देतो, पेंटर देतात तसं, खाली.

कळव्याच्या आपल्या प्रार्थनागृहाची पाटी सुदाम भालेराव यांनी रंगवली. ते शिडीवर चढले, उतरले. कुठे गेले नाहीत.